शेरू ताटाजवळ येतो आणि मान फिरवतो : म्हाताऱ्या आजारी कुत्र्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

म्हातारं कुत्रं जेवत नाही, काय करू, असं विचारणारी पत्रं यावेळी बरीच आली. त्यातली तीन घेतलीत. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण त्यात जे चाललंय ते घरोघरी चालतं.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यात मळ्यात राहतो. आमचा शेरू १३ वर्षांचा, लॅब आणि गावठी मिक्स, २८ किलोचा होता तो आता २२ वर आलाय. दोन-तीन महिने पाणी खूप प्यायचा, रात्री लघवीला उठवायचा, आम्हाला वाटलं ऊन वाढलंय म्हणून. आता आठवडा झाला जेवणच सोडलंय, ताटाजवळ येतो, वास घेतो आणि मान फिरवून निघून जातो. तोंडाला घाण वास येतो. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, क्रिएटिनिन ४.८ आणि हिमोग्लोबिन ८ आलं, किडनी खराब झालीय म्हणाले, तीन दिवस सलाईन लावलं. त्यानं जरा तरतरी आली पण खाणं नाहीच. सासूबाई गोळ्या शिऱ्यात घालून देतात, त्याला आवडायचे म्हणून बेदाणेपण घालतात, तरी थुंकतो. मी सिरिंजने दूध, पेज पाजते तर ठसका लागतो, आणि आता माझ्या हातात सिरिंज दिसली की तो कॉटखाली जाऊन बसतो, याचंच मला जास्त वाईट वाटतं. सासूबाई म्हणतात मुक्या जनावराला कळतं, अन्न सोडलं म्हणजे वेळ आली. दीर म्हणतात इंजेक्शन देऊन मोकळं करा, कशाला हाल. मिस्टर काही बोलतच नाहीत. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी शिऱ्यातले बेदाणे बंद करा, आजच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विष आहेत. सगळ्या कुत्र्यांना सारखं बाधत नाही, पण कुणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही, द्राक्षातलं टार्टारिक ॲसिड यामागे असावं असं आता मानतात. तुमच्या भागात तर सीझनला जिकडे तिकडे बेदाण्याची शेड, खाली सांडलेला माल, आणि कुत्री तिथंच राखणीला. सासूबाईंना मात्र बोल लावू नका, त्यांनी मायेनंच दिलंय आणि ही गोष्ट आपल्याकडे कुणी सांगतच नाही. शेरू शेडवर जायचा का, बेदाणे कधीपासून आणि किती खात होता, हे तुमच्या डॉक्टरांना नीट सांगा, कारण जुन्या दुखण्यावर असा नवा घाव बसला असेल तर त्यातला काही भाग भरून येऊ शकतो.

आता तो क्रिएटिनिनचा ४.८ चा आकडा. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायची रक्तातली घाण, किडनी थकली की ते वाढतं. रक्त सलाईनच्या आधी काढलं होतं की नंतर? हे मी मुद्दाम विचारतेय, कारण अंगातलं पाणी कमी झालं की किडनी जेवढी खराब आहे त्याहून रिपोर्ट जास्त खराब दिसतो. कुत्र्यांमध्ये क्रिएटिनिन २.९ ते ५ असलं तर किडनीच्या जुन्या दुखण्याचा तिसरा टप्पा धरतात आणि ५ च्या वर चौथा म्हणजे शेवटचा, पण हे टप्पे ठरवायचे ते अंगात पाणी पुरेसं असताना. म्हणून सलाईन झाल्यावर रक्त परत तपासा आणि तोच आकडा खरा धरा. महिनोन् महिने पाणी जास्त पिणं, वजन उतरणं, रक्त कमी होणं यावरून दुखणं जुनंच दिसतंय, आणि क्रिएटिनिन वाढायला लागतं तोवर किडनीचं साधारण पाऊण काम गेलेलं असतं, त्यामुळे शेरू पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. पण रक्त कमी व्हायला गोचीड तापही कारण असू शकतो, आपल्याकडे तो भरपूर आहे आणि तो किडनीवरही जातो, त्यावर औषधही आहे, तेव्हा रक्ताची स्मिअर (काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती) आणि प्लेटलेट बघा, लघवीतलं प्रोटीन बघा, ब्लड प्रेशर मोजा आणि एक सोनोग्राफी. तासगावात एवढं सगळं नसेल तर सांगलीला होईल, किंवा पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथं दाखवता येईल.

आता खरा मुद्दा, जेवणाचा. शेरू हट्ट करत नाहीये आणि त्यानं जगणं सोडून द्यायचं ठरवलंय असंही नाही. ताटाजवळ येतो, वास घेतो आणि मान फिरवतो हे जे तुम्ही लिहिलंय ना, ही मळमळ आहे. भूक नसलेलं कुत्रं ताटापर्यंत येतच नाही, हा येतोय म्हणजे पोटात भूक आहे, पण वास नाकात गेला की ढवळतंय. किडनीतून बाहेर पडायला हवी ती घाण रक्तात साचते, ती मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला सारखी डिवचत राहते आणि जठरालाही त्रास देते. उलटी झालीच पाहिजे असं नाही. जरा जवळ बसून बघा, तो सारखे ओठ चाटतो का, तोंडात काही नसताना गिळतो का, लाळ गळते का, ताट समोर आल्यावर जांभई देतो का. मग ओठ वर उचलून हिरड्या बघा, जिभेच्या कडा बघा. किडनीच्या दुखण्यात तिथं फोड येतात, कडा राखाडी पडून सोलवटलेल्या दिसतात, आणि तो जो घाण वास येतोय तो बहुतेक त्याचाच. अशा तोंडाला गरम शिरा लावला तर कोण खाईल?

म्हणून क्रम असा ठेवायचा की आधी मळमळ आणि तोंडाचं दुखणं थांबवायचं, मग ताट. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, की उलटी थांबवायचं औषध चालू आहे का? कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, ऑन्डान्सेट्रॉन माणसांच्या मेडिकलमध्येही मिळतं, दोन्ही एकत्रही देतात, आणि सुरुवातीला गोळीपेक्षा इंजेक्शन बरं कारण गोळी पोटात टिकतच नाही. तोंडातल्या फोडांना लावायचं जेल मिळतं, पण ते डॉक्टरांनीच सांगितलेलं असावं, कारण माणसांच्या काही जेलमध्ये कुत्र्याला न चालणारं भूल देणारं औषध असतं. एवढं करूनही खात नसेल तर भूक वाढवणारं मिर्टाझापिन आहे, त्याचा डोस किडनीच्या पेशंटला कमी ठेवतात. डोस मी इथं लिहीत नाही, तो वजन आणि रिपोर्ट बघून ठरतो. आणि दुखतंय वाटलं तरी घरातली कुठलीही गोळी द्यायची नाही, कॉम्बिफ्लाम नाही, ब्रुफेन नाही, डायक्लोफिनॅक नाही, क्रोसिन पण नाही. आधीच थकलेली किडनी अशा एखाद्या गोळीने कायमची बसू शकते.

सिरिंज बाजूला ठेवा. ठसका लागतोय म्हणजे पेज श्वासनलिकेकडे जातेय, त्यातून न्यूमोनिया झाला तर किडनी राहील बाजूलाच आणि कुत्रं त्यानंच जाईल. आणि हिशेबच करा ना. २२ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ७३० कॅलरी लागतात (वजन गुणिले ३० अधिक ७०, असं सोपं सूत्र आम्ही वापरतो). पातळ पेजेत १०० मिलीला फार तर ४० कॅलरी. म्हणजे २० मिलीच्या नव्वदेक सिरिंज रोज! तेवढं जाणार नाही, जे जाईल त्याचा उपयोग थोडा, आणि त्या बदल्यात तो तुमच्यापासून लपायला लागलाय. गोळ्या शिऱ्यात लपवणंही बंद करा. आज शिऱ्यात कडू लागलं की उद्या शिरा नको, परवा पेजेत लागलं की पेज नको, असं एकेक आवडीचं अन्न त्याच्या मनातून उतरत जातं. गोळी ताटापासून लांब, दुसऱ्या खोलीत, जिभेच्या मागच्या बाजूला ठेवून द्या आणि मागून चमचाभर पाणी गालाच्या बाजूनं, तोंड वर न करता. इंजेक्शनमध्ये जेवढी औषधं देता येतील तेवढी तशीच मागून घ्या.

मळमळ आटोक्यात आली की, आणि ते एक-दोन दिवसात कळतं, मग जेवण पुढं करा. थोडं, कोमट, मऊ. कोमट म्हणजे आपल्या हाताला जेमतेम उबदार, म्हणजे वास येतो पण तोंड भाजत नाही. भात आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किडनीच्या कुत्र्याला चांगला, कारण खराब किडनीला फॉस्फरस नीट बाहेर टाकता येत नाही, आणि तो पिवळ्यात जास्त असतो, पांढऱ्यात जवळपास नाहीच. बिनहाडाचं उकडलेलं चिकन थोडंसं, शिजवलेला लाल भोपळा किंवा दुधी. मीठ नाही. कांदा-लसूण अजिबात नाही, आणि हे मी अधोरेखित करून सांगतेय कारण आपल्याकडे कुत्र्याला म्हणून रश्श्यातलं मटण धुऊन देतात किंवा तयार सूपचं पाकीट देतात, त्यात कांदा-लसूण असतोच आणि तो त्याचं रक्त आणखी कमी करेल. पायाचं सूप, कलेजी, दूध हे ताकद येईल म्हणून देतात पण त्यात फॉस्फरस खूप, शेरूला ते नको. दुकानात किडनीचं स्पेशल फूड मिळतं, ते खरंच उपयोगाचं आहे पण आत्ताच सुरू करू नका, मळमळत असताना दिलं तर त्याचा वास आला तरी तो पुढं कधी तोंड लावणार नाही. पहिले काही दिवस जे खाईल ते खाऊ दे. ताट दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, नाही खाल्लं तर न बोलता उचलायचं, तोंडासमोर धरून बसायचं नाही, सगळ्या घरानं भोवती गोळा होऊन बघायचंही नाही. पाणी मात्र कायम, दोन-तीन ठिकाणी, आणि लघवी जास्त होते म्हणून रात्री पाणी उचलून ठेवायची चूक करू नका, तो जास्त पितोय म्हणूनच अजून टिकलाय.

सलाईन घरी देता येतं, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. शिरेतून नाही, खांद्यांच्या मधली सैल कातडी उचलून त्याखाली. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेला आणायची, दरवेळी नवी सुई, आणि ग्लुकोजचं सलाईन कातडीखाली द्यायचं नाही, रिंगर लॅक्टेट किंवा डॉक्टर सांगतील ते. पाठीवर फुगा येतो, तो हळूहळू पायाकडे उतरतो आणि काही तासात जिरतो, घाबरू नका. ज्या घरात म्हशीला इंजेक्शन द्यायची सवय आहे तिथं हे एकदा दाखवलं की जमतं, बहुतेक तुमचे मिस्टरच करतील, न बोलणाऱ्या माणसाला कधीकधी हाताला काम दिलेलं बरं पडतं. फक्त आधी हृदय तपासून घ्या, हृदयाचं दुखणं असेल तर जादा पाणी फुफ्फुसात जातं.

राहिला दीर आणि सासूबाईंचा प्रश्न. सासूबाई म्हणतात ते अगदीच खोटं नाही, शेवटच्या दिवसांत जनावर खरंच अन्न सोडतं. पण मळमळीवर औषधच दिलेलं नसताना अन्न सोडलं यावरून वेळ आली असं ठरवता येत नाही. म्हणून मी म्हणेन चार-पाच दिवसांची मुदत घ्या. त्या दिवसांत मळमळीचं औषध पूर्ण, तोंडाचं औषध, सलाईन, आणि मग परत रक्त. क्रिएटिनिन खाली आलं, स्वतःहून खायला लागला, तर असे पेशंट पुढं काही महिनेही बरे दिवस काढतात, त्यांना फॉस्फरसचं आणि प्रेशरचं औषध लागतं, पण अंगणात येऊन बसतात, गाडीचा आवाज आला की उठतात. आकडा तसाच किंवा वर गेला, औषधं चालू असूनही खाणं नाही, उलट्या, उठता येईना, तर दिराचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यात निर्दयपणा काही नाही. ठरवायला मदत व्हावी म्हणून ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी एक सोपी पद्धत केलीय, वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना प्रत्येकी १० पैकी मार्क द्यायचे, बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळायला हरकत नाही. घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळे मार्क लिहा आणि मग एकत्र बसा. मिस्टरांनाही लिहायला लावा.

प्रश्न : आमची लॅब्राडोर जुली १० वर्षांची आहे, सिन्नरला राहतो. दोन दिवस खात नाही, पाणी मात्र बादलीभर पिते, एकदा उलटी झाली, पोट जरा फुगल्यासारखं वाटतं. दीड महिन्यापूर्वी हीटवर (माजावर) होती. ऑपरेशन केलेलं नाही. शेजारी म्हणतात वय झालं, उन्हामुळे असेल. थांबून बघू का?

उत्तर : यांना पत्र मिळाल्याबरोबर फोन करून लगेच दाखवायला सांगितलंय, इथं छापतेय ते इतरांसाठी. नसबंदी न झालेली मादी, हीटनंतर एक ते दोन महिने, खाणं बंद, पाणी भरपूर, ही खूण दिसली की पहिला संशय पायोमेट्राचा, म्हणजे गर्भाशयात पू. शेपटीखालून घाण येत असेल तर लोकांच्या लक्षात तरी येतं, पण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि आत पू साठत राहतो, तो प्रकार जास्त वाईट. सोनोग्राफीत लगेच कळतं. यात थांबून बघणं नसतं, त्याच दिवशी दवाखाना, सलाईन, अँटिबायोटिक आणि ऑपरेशन करून गर्भाशय काढायचं. १० वर्षांच्या कुत्रीला भूल झेपेल का असं सगळे विचारतात, भुलीचा धोका असतोच पण पू तसाच ठेवण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. स्वीडनमधल्या कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदींवरून दिसलं होतं की नसबंदी न केलेल्या माद्यांत साधारण चारातल्या एकीला वयाच्या १० वर्षांच्या आत हे होतं. तुमच्या घरी अशी मादी असेल तर हीटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवत जा.

प्रश्न : डोंबिवलीहून लिहितोय. आमचा स्पिट्झ, बंटी, १५ वर्षांचा, जबड्यात गाठ आहे, कॅन्सर निघाला, ऑपरेशन होणार नाही असं सांगितलंय. पेनकिलर चालू आहे. त्याला खायचं असतं, ताटाकडे धावतो पण घास घेतला की ओरडतो, रक्त येतं. डॉक्टरांनी इंजेक्शनचा विषय काढला. आईला वाटतं ते पाप आहे. मला त्यात नक्की काय करतात तेच माहीत नाही. मुलगी ८ वर्षांची आहे, तिला काय सांगू? आणि घरात दुसरा कुत्रा पण आहे.

उत्तर : दादा, बंटीची गोष्ट वर लिहिलेल्या शेरूपेक्षा वेगळी आहे. शेरूला अन्न नको वाटतंय, बंटीला हवंय आणि वेदनेमुळे घेता येत नाहीये, हे मला जास्त क्रूर वाटतं. डॉक्टरांना एकदा विचारा की पेनकिलर पूर्ण ताकदीची आहे का, दोन वेगळ्या प्रकारची जोडून देता येतील का, आणि जेवण मिक्सरमधून काढून, गार, ताटलीत पसरून चाटायला द्या. त्यानं आठवडाभर बरं चाललं तर चालू दे. पण एवढं करूनही ओरडत असेल तर थांबू नका. जबड्याची गाठ आपोआप शांतपणे संपत नाही, ती एखाद्या रात्री दोन वाजता भळाभळा वाहायला लागते, दवाखाने बंद असतात, आणि मग त्याचा शेवट घाबरलेल्या रिक्षाप्रवासात होतो. ते टाळण्यासाठी दोन-चार दिवस आधी निर्णय घेतला तर मला त्यात पाप दिसत नाही. आईंना हे सगळं बोलून पटणार नाही, त्यांना त्याच्या जेवणाच्या वेळी शेजारी बसवा.

त्यात नक्की काय करतात ते सांगते. आधी झोपेचं इंजेक्शन देतात, साधं, इतर इंजेक्शनसारखं टोचतं तेवढंच. पाच-दहा मिनिटांत तो गाढ झोपतो. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस जातो, श्वास थांबतो, मग हृदय, हे सगळं एक-दोन मिनिटांत, आणि डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतात. डोळे उघडेच राहतात हे आधी माहीत असू दे. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, लघवी होते, त्याला त्यातलं काही जाणवत नसतं, पण न सांगता बघितलं की माणसं हादरतात. झोपेचं इंजेक्शन आधी देणार ना, हे विचारून घ्या, आणि शक्य असेल तर डॉक्टरांना घरी बोलवा. बिल आधीच द्या, नंतर त्या टेबलाशी पैसे मोजायला नको वाटतं. पुढं काय करायचं तेही आधी ठरवा. मोठ्या शहरांत पाळीव प्राण्यांच्या दहनाची सोय आता होतेय, महापालिकेत चौकशी करा. गावी जमिनीत पुरणार असाल तर खड्डा चार फूट तरी खोल, विहिरीपासून लांब, कारण शरीरात औषध असतं आणि दुसऱ्या जनावरानं उकरून खाल्लं तर त्याला विषबाधा होते.

मुलीला खरं सांगा. गावाला पाठवला म्हणू नका, ती वर्षभर तो परत कधी येणार विचारत राहील, आणि झोपला म्हणू नका, तिला स्वतःला झोपायची भीती बसते. बंटीचं दुखणं बरं होणारं नाही, डॉक्टर त्याला असं औषध देणार आहेत की तो मरेल आणि त्याला दुखणार नाही, एवढ्या सरळ शब्दांत सांगा. त्यावेळी थांबायचं की नाही हे तिला विचारा, नको म्हणाली तर आग्रह नाही, आधी त्याच्याजवळ बसू दे. रडली तर रडू दे, तुम्हीही तिच्यासमोर रडलात तरी चालेल.

दुसऱ्या कुत्र्याला नंतर बंटीला हुंगू द्या. काही कुत्री दोन-तीन दिवस दारात बसून राहतात, कमी खातात, तेवढं चालतं, त्याच्या फिरण्याच्या आणि जेवणाच्या वेळा बदलू नका. पण त्यानं दोन दिवसांहून जास्त पूर्णच खाल्लं नाही, किंवा सोबत उलटी, ताप असं काही दिसलं, तर बंटीच्या आठवणीनं असेल असं समजून बसू नका, त्यालाही दाखवा.